सहाचा सात

सीब, शुक्रवार, २१ फेब्रुवारी २००३

आज अझैब्याला राहणारी मित्रमंडळी जेवायला होती. ईदच्या सुट्टीत आम्ही नवरा-बायकोने कैरोहून स्वस्तातल्या ट्रेनने एका दिवसात अलेक्झांड्रिया कसं केलं, ते मी रंगवून सांगितलं. परतीच्या तिकिटावरचा अरबी सहा अगदी इंग्रजी सातासारखा दिसतो. आम्ही सातला पोचलो, गाडी सहालाच गेलेली. "बारा वर्षं ओमानात काढली, पण सुहासला सहा ओळखता येत नाही," म्हटलं. सगळे हसले.

सुहासही हसला. "खलास, उद्यापासून शिकवणी लावतो," म्हणत ताक वाढत राहिला. मी तो सहा पुन्हा बोटाने टेबलावर काढून दाखवला. का?

तिकीट माझ्या पर्समध्ये होतं. सात मीच वाचला होता. भांडी आवरतानाही तो अवाक्षर बोलला नाही. इतका चांगुलपणा सहन होत नाही. पुढच्या शुक्रवारी बौशरला जेवायला जायचंय. तिथेही हेच सांगणार आहे. बघू, किती दिवस गप्प बसतो.