छापलेली भिकुबाई

८ नोव्हेंबर १९३०, शनिवार

भिकुबाईला आज शिपायानं ढकललं.

दुपारी आग्रारोडवर कापसाच्या गाड्यांची ही मोठी रांग. सरकी काढायला जिनात कापूस टाकायचा, बैल वळवायचे आणि परतीच्या वाटेवर बरोबर दारूचा गुत्ता! त्या गुत्त्यासमोर झुंबरअक्का आठ-दहा बायका घेऊन महिनाभर पिकेटिंगला बसताहेत. मी बसत नाही. ह्यांची मनाई आहे. "संपादकाची बायको रस्त्यावर बसली की लोक अंक सोडून बायकोवरच बोलतील." म्हणून मी पाण्याची घागर नेते आणि रिकामी करून परत आणते. एवढंच माझं देशकार्य.

धक्का लागला तशी भिकुबाई गाडीच्या चाकावर पडली. मनगट सुजलं. मी माझ्या जुन्या लुगड्याची पट्टी फाडून बांधलं. मला वाटलं रडेल, तर म्हणते, "हात मोडना ताई, मी नही." तिचा नवरा अभिमन रिकामी गाडी घेऊन आलाच. गुत्त्याकडे न बघता त्यानं तिला गाडीत घेतलं आणि दोघं बोरखेड्याला गेले. ती समोर बसली असली की अभिमनची गाडी तिथं थांबत नाही. स्वराज्याचं ती फारसं बोलत नाही. ती येते ती ह्यासाठी.

१२ नोव्हेंबर, बुधवार

प्रुफं तपासायला माझ्याकडे आली. "भिकुबाईंच्या मस्तकावर लाठीचा प्रहार. प्रकृती अत्यवस्थ."

मी म्हटलं, मस्तक कुठून आलं? मनगट होतं. लाठी नव्हती, हात होता.

हे चहा पीत होते. कप खाली न ठेवताच म्हणाले, "मनगटानं कुणी जागं होत नाही."

पुढं म्हणाले, सरकार रोज खोटं छापतं तेव्हा तुझं प्रूफ कुठं असतं? मी ऱ्हस्व-दीर्घ तपासून कागद परत दिले.

१३ नोव्हेंबर

अंक दुपारपर्यंत संपला. पुन्हा छापला.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

मुंबईचं एक दैनिक टपालानं आलं. त्यात आपली बातमी आहे, पण वाढून आली आहे. "धुळ्याची वीरांगना भिकुबाई हिचा अखेर अंत."

मला वाटलं आता हे घाबरतील. ह्यांनी कागद खिडकीशी नेऊन बातमी दोनदा वाचली. मग म्हणाले, "मुंबईनं छापलंय. मी कोण नाकारणारा?"

अहो, तुम्हीच ना त्यांना कळवलंत? — हे मी मनात म्हटलं. मोठ्यानं म्हटलं ते एवढंच, की बोरखेडं दोन कोसांवर आहे, जाऊन बघून या.

गेले नाहीत.

२० नोव्हेंबर, गुरुवार

काळी चौकट, मथळ्याला मोठ्या अक्षरांचे खिळे, मधोमध चित्र. भिकुबाईचं छायाचित्र कुणाकडे असणार? छापखान्यात केशतेलाच्या जाहिरातीचा एक ठसा होता. गोरी, नाकात नथ, केस मोकळे, दोन्ही हातांत तेलाची बाटली. ह्यांनी करवतीनं खालचा भाग कापला. बाटली गेली, हातही गेले. वर उरली ती हुतात्मा भिकुबाई.

मला हसू आलं. हसू आलं म्हणून राग आला. खऱ्या भिकुबाईच्या गालांवर देवीचे वण आहेत आणि केस कपाळावर पांढरे.

२३ नोव्हेंबर, रविवार

कडकडीत हरताळ. पानाची टपरीसुद्धा उघडली नाही. मिरवणूक देवपुरातून निघून पांझरा नदी ओलांडून शहरात गेली आणि मी गच्चीवरून बघत राहिले. केशतेलाच्या बाईला झेंडूचे हार. माणसं रडत होती, खरंच रडत होती. म्हातारे, हायस्कूलचे मुलगे, आमच्या गल्लीचा तो कंजूस किराणावाला. संध्याकाळी बातमी आली, गुत्तेदारानं आपणहून दाराला कुलूप घातलं.

मीही रडले. जिचं मनगट माझ्या हातानं बांधलं तिच्या मरणावर! रडताना सगळं ठाऊक होतं आणि तरी रडू खरं होतं. हे कसं, ते मला अजून कळलेलं नाही. खोट्यातून खरं रडू येत असेल तर खोट्यातून खरी जागृतीही येईल, असं हे म्हणतात. आज मला त्यांचं म्हणणं खोडता येईना. उलट थोडा अभिमानच वाटला त्यांचा.

२९ नोव्हेंबर, शनिवार

गुत्ता पुन्हा उघडला. दाराशी दोन शिपाई. मी घागर घेऊन गेले तर समोर फक्त झुंबरअक्का आणि एक म्हातारी.

येताना शेजारच्या कुंदाबाईंना विचारलं, तुम्ही का नाही आलात? पूर्वी एक दिवसाआड बसायच्या. खाली बघून म्हणाल्या, "सासूबाई म्हणतात, तिथं बाई मेली. दोन लेकरं टाकून तिथं मरायला जायचंय का?"

घरोघर हेच. ज्या बातमीनं बाजार बंद केला तिनंच बायका घरात बसवल्या. आणि हाराचं तबक घेऊन मिरवणुकीत पुढं चाललेले दोघे मला आज गुत्त्याच्या दारात दिसले. बेशरम म्हणावं तर तसे वाटले नाहीत. हळहळ झाली, हार घातला, त्यांच्या मते हिशेब पुरा झाला. भिकुबाई मेली म्हणजे आता करण्यासारखं काही उरलं नाही. जिवंत असती तर रोज तिच्यासमोरून जावं लागलं असतं.

हे ह्यांना सांगितलं. म्हणाले, "बघू."

१ डिसेंबर

सरकारी पत्रक निघालं. "भिकुबाई नामक स्त्री जिवंत व सुखरूप असून…" चौकात लोकांनी वाचलं आणि हसले. सरकार एकदाच खरं बोललं आणि कुणाला पटलं नाही.

४ डिसेंबर, गुरुवार

आज ती दारात उभी! हात पंच्यानं गळ्यात बांधलेला.

"ताई, मी कव्हय मरनू? माले तं कोनी सांगं नही."

मी तिला आत घेतलं, भाकरी वाढली. भिंतीवरचा अंक दाखवला. वाचता येत नाही तिला, चित्र मात्र निरखून बघितलं. "हाई कोन शे?" मी म्हटलं, तू. खूप हसली. मग हसू थांबलं.

सकाळी ती परस्पर गुत्त्यासमोर बसायला गेली होती. झुंबरअक्कांनीच तिला उठवून परत पाठवलं, कुणी ओळखण्याआधी. आणि मागच्या खेपेला कापूस घेऊन आलेला अभिमन गुत्त्यात शिरला तो दुसऱ्या दिवशी घरी पोचला. बैल रात्रभर रस्त्यावर उपाशी. पुढल्या वेचणीचा कापूस आता भरायचा आहे.

"मी तठे बसनू का मना नवरानी गाडी थांबत नही. मंग मी मरीसन कसं चाली?"

तिला काय सांगायचं? की तुझ्या मरणानं धुळं जागं झालंय, तू घरी बैस?

५ डिसेंबर

ह्यांच्याशी बोलले. दोन ओळी छापा म्हटलं, भिकुबाई बऱ्या झाल्या, पिकेटिंगला परत येत आहेत. बायकांची भीती जाईल. उद्या दहाच्या वीस होतील.

"आणि परवा छापखान्याला कुलूप. सरकार निमित्तच शोधतंय. शिवाय लोक काय म्हणतील? उद्या खरी लाठी चालली तरी माझ्यावर कोण विश्वास ठेवील?"

मी म्हटलं, म्हणूनच आत्ता छापा.

हे उठून छापखान्यात गेले. हे वाईट नाहीत. गेल्या साली सहा महिने तुरुंगात राहून आले, एक दात तिथंच ठेवून. अंकासाठी स्वतःच्या जेवणाची शुद्ध नसते. एवढा माणूस दोन ओळींना भितो, ह्याचं मला फार वाईट वाटलं. पण भिकुबाईचंही वाटलं, आणि ते जास्त वाटलं.

मी अक्कांकडेही गेले. त्यांनी त्या दिवशी भिकुबाईला उठून चालत गाडीत बसताना पाहिलं आहे. म्हणाल्या, "खरं काय ते मला ठाऊक आहे गं. पण बाजार बंद झाला तो खऱ्यानं झाला का?"

७ डिसेंबर, रविवार

राममंदिरात बायकांची सभा होती. समोर पाटावर ते चित्र, उदबत्ती लावलेली. भाषणं झाली. मी उठले. भिकुबाईला मागून पुढं आणलं आणि सांगितलं: ही भिकुबाई. मेलेली नाही. मनगट दुखावलं होतं, आता बरं होत आलंय. तिथं गेलं की बाई मरते हे खोटं आहे, तेव्हा या.

मग मागून एक आवाज आला, "ह्या नव्हेत त्या." दुसरी म्हणाली, "सरकारनं आणली असेल." सगळ्या एकदा चित्राकडे बघत, एकदा हिच्याकडे. भिकुबाईनं मनगट पुढं केलं. पण चित्रातल्या बाईला हातच नाहीत, जुळवणार कशाशी? मी केशतेलाचं सांगितलं तेव्हा एक मुलगी फिसकन हसली. तिच्या आईनं तिला चिमटा काढला.

अक्का मान खाली घालून वाती वळत राहिल्या. कुंदाबाई तेवढ्या भिकुबाईकडे टक लावून बघत होत्या. पूर्वी शेजारी बसलेल्या आहेत दोघी. पण सासू बाजूला होती.

परत येताना मला रडू आवरेना. भिकुबाईच माझी समजूत काढत होती. "जाऊ दे ताई. मी जित्ती शे, माले म्हाईत शे."

मन बदलायचं म्हणजे काय करायचं असतं? आजवर वाटायचं, लोकांना खरं कळत नाही, कळलं की बदलतील. आज कळलं, डोळ्यांसमोर उभं केलं, आणि कुणी घेतलं नाही. खोटं दोन आठवड्यांत घरोघर गेलं. खऱ्याला मंदिराच्या दारातून बाहेर पडता आलं नाही. कदाचित सांगून कुणी बदलत नाहीच. अभिमन तरी कुठं भाषण ऐकून बदलला? रोज तीच बाई तिथंच बसलेली दिसते, म्हणून बैल पुढं हाकतो.

९ डिसेंबर

हे दोन दिवस बोललेले नाहीत. ताट वाढलं की जेवतात.

११ डिसेंबर, गुरुवार

ह्या वेळी प्रुफं माझ्याकडे आली नाहीत. अंक आला तेव्हा कळलं. शेवटच्या पानावर तळाशी चौकट:

"आमच्या पत्नी सौ. प्रमिलाबाई ह्या अतिश्रमाने मनःस्वास्थ्य बिघडल्यामुळे विश्रांतीसाठी शिरपूर येथे माहेरी गेल्या आहेत. त्यांच्या बोलण्याचा कुणी विपर्यास करू नये."

मी हे चुलीपुढं बसून वाचलं. भाकरी करपली. ह्यांना विचारलं, मी कुठं आहे? ह्यांनी ताटातून वर बघितलं नाही. कान लाल झाले होते. म्हणाले, "दोन-चार दिवस घराबाहेर पडू नकोस. पुढल्या आठवड्यात खरोखरच जाऊन ये."

दुपारी कुंदाबाई विरजण मागायला आल्या. काल ताक नेलं होतं माझ्याच हातून. मला दारात बघून म्हणाल्या, "अगंबाई, आलात इतक्यात शिरपूरहून?"

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. थट्टा नव्हती.

१२ डिसेंबर, शुक्रवार

आज गुत्त्यासमोर बसले. माहेरी गेलेल्या बाईला कोण मनाई करणार?

भिकुबाई मेलेली, मी शिरपूरला. दोघी सकाळपासून एका सतरंजीवर होतो. दुपारी अभिमनची गाडी आली. तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, बैल पुढं हाकले. मग कुंदाबाई आल्या, इकडंतिकडं बघून भिकुबाईला चिकटून बसल्या.

हे सायकलवरून समोरून गेले. जरा पुढं जाऊन उतरले, उभे राहिले. पण मला घरी चल म्हणता येईना त्यांना.