डोक्यावरची मोकळी जागा

ती. ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार. (शिर जरा बेतानेच टेकवते आहे, कारण पुढे येईल.) तुझा गुडघा काय म्हणतो? भावजींचा खोकला? इकडे हे ठीक आहेत, आणि मी तुला लिहिते आहे.

तर माझ्या डोक्यावरची मोकळी जागा. जन्मतःच तिथे कातडी नव्हती, मग व्रण धरला आणि केसांनी त्या जागेवर कायमचा बहिष्कार घातला, हे तुला मी काय सांगायचं! शाळेच्या फोटोच्या दिवशी तिच्यावर काळा खडू फासायची कल्पना तुझीच. तेव्हापासून मी ती रोज रंगवत आले. खडू गेला, भुवयांची पेन्सिल आली, एवढीच प्रगती. आरसा लागत नाही, बोट आपोआप तिथे जातं. त्याच बोटाला तीन महिने तिथे खपली लागत होती. पडायची, पुन्हा धरायची. शेवटी कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले.

आता डॉक्टरकडे माणूस नीटनेटकं होऊन जातं. मीही केस विंचरले आणि सवयीने जागा रंगवली. बाईंनी केस बाजूला केले आणि दिवा जवळ ओढला. शेजारच्या खोलीतून मोठ्या डॉक्टरांना बोलावलं, त्यांनी तिसऱ्यांना. विहिरीत डोकावावं तसे तिघं माझ्यावर वाकले.

"हा काळेपणा कधीपासून?"

"सकाळी साडेआठपासून," मी म्हटलं.

स्पिरिटचा बोळा फिरला. बोळा काळा झाला, मी लाल. "बाई, दाखवायला आलात की आम्हाला घाबरवायला?" मोठे डॉक्टर म्हणाले आणि सगळे हसले. बाईंचं हसू मात्र आधी थांबलं. रंगाखाली बारीकशी जखम होती. म्हणाल्या, असल्या जुन्या व्रणात कॅन्सर क्वचितच होतो, पण न भरणारी जखम अंदाजावर सोडायची नाही. मसुराएवढा तुकडा काढून तपासायला पाठवला. (मुळात जिथे कातडी कमी, तिथलीच आणखी घेतली!) दोन टाके आहेत.

घरी येऊन यांना विचारलं, एकोणीस वर्षांत तुम्हाला कधी दिसलं नाही?

"दिसायचं की. उशीला काळं लागायचं. तू बोलली नाहीस, मग मीही नाही."

आमच्याकडे उशीचे अभ्रे हेच का धुतात, ते आत्ता कळलं.

रिपोर्ट गुरुवारी आहे. काळजी करू नकोस, उगाच धावत येऊ नकोस.

तुझी,
धाकटी

ता. क. बाईंनी विचारलं, व्रण लहानपणी केवढा होता, वाढलाय का? मला काय ठाऊक? मी तो कधी पाहिलेलाच नाही. पाहिला तो आईने आणि तू. आई तर आता नाही.

ता. ता. क. वर धावत येऊ नकोस लिहिलंय, ते तुझ्या गुडघ्याकडे बघून. चालत ये. गुरुवारी साडेदहाला बोलावलंय. सकाळी वेणी तूच घाल. फक्त या वेळी झाकू नकोस.