तूर्तास घेतलेली रॅम

२ सप्टेंबर, मंगळवार
ठरलं. स्वतःचा कंप्युटर स्वतः जोडायचा. गेमिंग आणि मल्टिमीडिया. बजेट पन्नास हजार, वर एक पैसा नाही.

जेवताना हिला सांगितलं. भर मल्टिमीडियावर दिला: सगळ्यांचे फोटो, जुने व्हिडिओ, एकत्र बसून सिनेमे. गेमिंग हा शब्द वाढून घेताना पुटपुटलो. ही म्हणाली, हौस आहे तर कर की, फक्त ठरवलंयस तेवढ्यातच बसव. इतक्या सहज हो म्हणेल असं वाटलं नव्हतं. वादासाठी काढून ठेवलेले सात मुद्दे वाया गेले.

अठरा वर्षं पंपांच्या कारखान्यात स्टोअर सांभाळतोय. कुठला पार्ट कुठे बसतो हे झोपेत विचारलं तरी सांगेन. आठ पार्ट निवडणं म्हणजे डाव्या हातचा मळ.

५ सप्टेंबर, शुक्रवार
यादीची नववी आवृत्ती घेऊन दुकानात गेलो. दुकानदाराला प्रत्येक वाक्यात बॉटलनेक लागतो, म्हणून मी त्याचं नावच बॉटलनेक ठेवलंय. म्हणाला, साहेब, या ग्राफिक्स कार्डाला हा प्रोसेसर म्हणजे बॉटलनेक, बाकी सगळं त्याच्यापाशी अडून बसणार. बरं, प्रोसेसर मोठा धरला. तर म्हणे आता पॉवर सप्लाय बॉटलनेक. तोही मोठा धरला. शेवटी असं निघालं की खरा बॉटलनेक माझं बजेट आहे.

संकल्प: कार्ड मधलं घ्यायचं. कॅबिनेट साधं पत्र्याचं. दिवेबिवे नकोत. वय त्रेचाळीस आहे.

६ सप्टेंबर, शनिवार
मोठं कार्ड घेतलं. कॅबिनेट काचेचं, चार पंखे, चारही दिव्यांचे. काच असली की आतली धूळ लगेच दिसते, त्यामुळे देखभाल सोपी जाते. दिवे कन्येसाठी. (तिने मागितले नव्हते.)

बजेट संपलं. रॅम आणि एसएसडी राहिले.

७ सप्टेंबर, रविवार
रॅम नसेल तर कंप्युटर चालूच होत नाही. एसएसडी नसेल तर चालू होऊन करणार काय, सगळं साठवायचं तिच्यावरच. हिच्याकडे आणखी पैसे मागायला तोंड नाही. एकदा बसवतो म्हटलं म्हणजे बसवलंच पाहिजे.

दुपारभर हिच्या कंप्युटरकडे बघत बसलो. चार वर्षांपूर्वी मीच घेऊन दिला होता. ही घरून शिक्षणाच्या व्हिडिओंना सबटायटल्स करते. वाक्य ऐकायचं, टाइप करायचं, मागे जाऊन परत ऐकायचं. एवढ्या कामाला आठ-आठ जीबीच्या दोन रॅम! टायपिंगला! आमच्या स्टोअरमध्ये याला पडून असलेला माल म्हणतात, आणि तो वापरात आणला की शाबासकी मिळते.

८ सप्टेंबर, सोमवार, सकाळी ६.५५
ही फिरायला गेलेली. ६.४५ ला झाकण उघडलं, ६.५२ ला लावलं. एक रॅम घेतली, तूर्तास. याला चोरी म्हणत नाहीत. घरातला माल घरातच आहे, फक्त शेल्फ बदललं. एक तारखेला पगार झाला की नवी आणून परत.

झाकण लावत असताना कन्या दारात. चौदा वर्षांची आहे, नको तेव्हा उठते. विचारलं, बाबा, आईच्या कंप्युटरचं काय करतोयस. म्हणालो, धूळ साफ करतोय.

संध्याकाळी
कन्येने आईला सांगितलं. घरी आलो तर हिने कॉफी हातात दिली आणि म्हणाली, माझ्या कामाकडे तुझं लक्ष असतं हे मला माहीतच नव्हतं. कॉफी तशीच ठेवली. शेवटी ब्रश घेऊन खरोखरच तिच्या कंप्युटरचा पंखा साफ करून दिला. आता मी जे सांगितलं ते खरं झालं.

११ सप्टेंबर, गुरुवार
हिच्या मॅडमचा फोन आला. टीम लीडची जागा निघाली आहे. दोघींची नावं आहेत, ही आणि एक नवी मुलगी. पंचवीस तारखेला ठरणार. बघणार काय, तर दिवसाला किती मिनिटांचा व्हिडिओ पुरा होतो. हिचा आकडा चौतीस, टीममध्ये सगळ्यांत वर. या जागेची सहा वर्षं वाट बघतेय. फोन ठेवल्यावर भांडी विसळता विसळता एकटीच हसत होती.

मलाही मनापासून आनंद झाला. मग रॅम आठवली.

हळूच विचारलं, आज किती झाली. एकतीस. ठीक आहे. तीन मिनिटं इकडेतिकडे होतातच.

१४ सप्टेंबर, रविवार
ही आणि कन्या दिवसभर मावशीकडे. संधी दार ठोठावत होती असं नाही, पण दार उघडंच होतं.

हिची एसएसडी काढली. त्यावरचं सगळं आधी माझ्या जुन्या हार्ड डिस्कवर जसंच्या तसं उतरवलं, चार तास लागले. ती डिस्क तिच्या कंप्युटरमध्ये लावली. तिची एक फाइल हलली नाही, एक अक्षर गेलं नाही. वेग थोडा कमी होईल, पण वेग म्हणजे सर्वस्व नव्हे.

मग माझा जोडला. बटण दाबलं, काही नाही. केबली तपासल्या, काही नाही. दीड तासाने बॉटलनेकला फोन. तो म्हणाला, साहेब, पॉवर सप्लायचं मागचं बटण दाबलंत का. दाबलं. चारही पंखे उजळले. अठरा वर्षांचा अनुभव शेवटी कामी येतोच.

१५ सप्टेंबर, सोमवार
हिचा कंप्युटर चालू व्हायला सात मिनिटं लागतात. ही बटण दाबून अंघोळीला जाते. एका अर्थी वेळेचा सदुपयोग.

१७ सप्टेंबर, बुधवार
आज हिने मला बसवून घेतलं. म्हणाली, तुला यातलं कळतं, जरा बघ ना, कंप्युटर अडकतोय की मलाच तसं वाटतंय. मागे जाऊन वाक्य ऐकायला गेलं की थांबतो.

बिघडलाय म्हटलं असतं तर तिने रिपेअरवाल्याला बोलावलं असतं. त्याने झाकण उघडलं असतं. म्हणून मी दहा मिनिटं माऊस फिरवला, हं हं केलं, आणि म्हणालो, कंप्युटर एकदम ओके आहे.

ती म्हणाली, मग माझंच काहीतरी होत असेल. एवढंच म्हणाली आणि परत कामाला लागली. वाटलं होतं उलट विचारेल, जरा भांडेल. तिने माझ्या शब्दावर पटकन विश्वास ठेवला. इतका विश्वास ठेवायला नको होता.

१९ सप्टेंबर, शुक्रवार
हिशेब करून पाहिला. दिवसाला ती साधारण नऊशे वेळा मागे जाते. दर वेळी दोन सेकंद अडकतो. म्हणजे अठराशे सेकंद, म्हणजे अर्धा तास. फक्त अर्धा तास! उगाच मनाला लावून घेत होतो.

मग ती आता रोज दोन तास जास्त का बसते, याचा हिशेब लागत नाही. आजची मिनिटं चोवीस.

२१ सप्टेंबर, रविवार
ही डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली. मी सोबत गेलो, एवढं तरी करावं म्हणून. डॉक्टर म्हणाले, डोळे उत्तम. तरी तिच्या समाधानासाठी थेंब लिहून दिले. जखम मांडीला, मलम शेंडीला. थेंबांचे पैसे मी आग्रहाने दिले.

येताना रस्त्यात ती म्हणाली, डोळे चांगले आहेत, कंप्युटर चांगला आहे, तू तपासलायस. मग राहिलं काय? डोकंच ना? आणि हसली. मला हसू आलं नाही. रस्ता ओलांडताना तिने सवयीने माझा हात धरला, तेव्हा तो सोडवून कुठेतरी पळून जावंसं वाटलं.

संकल्प: आजच सगळं परत लावायचं.

संध्याकाळी
घरातली सगळी घरात. झाकण उघडायचं कसं? शिवाय गेम आजच डाउनलोड पुरा झाला. नुसता चालतो का ते बघायला हवं, नाहीतर पन्नास हजार गेले कशाला? एकच मिशन खेळायचं.

२२ सप्टेंबर, सोमवार
सहा मिशन झाली. चित्र काय दिसतं! गवताचं पातं न् पातं. गेममध्ये मी एका खेड्याचा राखणदार आहे. लुटारू येतात आणि गरिबांच्या घरातून सामान उचलून नेतात. मला त्यांची फार चीड येते.

शेजारच्या खोलीत ही एक वाक्य पाच-पाचदा ऐकत होती. ‘पानातील हरितद्रव्यामुळे’ इथपर्यंत येऊन थांबायचं, परत ‘पानातील’. शेवटी मी हेडफोन लावले. तिला माझ्या आवाजाचा त्रास नको म्हणून.

२३ सप्टेंबर, मंगळवार
बॉटलनेककडे गेलो. रॅम उधारीवर दे म्हणालो. तो म्हणाला, साहेब, उधारी नाही, आणि भाव वाढलेत, महिनाभर थांबा. मी म्हणालो, थांबता येत नाही. त्याने विचारलं, एवढी काय अडचण? म्हणालो, बॉटलनेक आहे. तो गंभीरपणे मान हलवून म्हणाला, मग आहे ती काढून तिकडे लावा.

परक्या माणसाला दोन सेकंदांत सुचलं. खाई त्याला खवखवे म्हणतात ते खरं आहे.

उद्या सकाळी, ती फिरायला गेली की.

२४ सप्टेंबर, बुधवार
ती फिरायला गेली नाही. वेळ भरून काढायला पाच वाजल्यापासून कामाला बसली होती. मी दारात स्क्रू-ड्रायव्हर मागे लपवून उभा. तिने मान वर करून विचारलं, काय रे? तेव्हा सांगून टाकायला हवं होतं. चार शब्दांचं काम होतं. मी विचारलं, चहा करू का? तिचे डोळे भरून आले. म्हणाली, तू किती करतोस माझ्यासाठी.

चहा केला. बरा झाला नव्हता. आजची मिनिटं एकोणीस.

२५ सप्टेंबर, गुरुवार
ऑफिसातून लवकर निघालो. ठरवून निघालो होतो, की आज तोंडाने सांगायचं, मग जे व्हायचं ते होवो. वाटेत वाक्य तीनदा पाठ केलं.

घरी आलो तर ती सोफ्यावर शांत बसलेली. म्हणाली, मी मॅडमना कळवलं, माझं नाव काढा. टीमचं डोकं व्हायचं तर हात आधी चालायला हवा. त्या नव्या मुलीची तीस होतात. सगळ्यांसमोर आकडे वाचले जाण्यापेक्षा आपणच बाजूला झालेलं बरं. कन्या तिला बिलगून बसली होती. माझ्याकडे बघून म्हणाली, बाबा, तू सांग ना आईला.

माझं वाक्य तोंडातच राहिलं. आता सांगून काय उपयोग, असं मनात आलं. खरं कारण ते नव्हतं. मी घाबरलो होतो.

२७ सप्टेंबर, शनिवार
ही फिरायला गेली. कित्येक दिवसांनी गेली, आता घाई नाही म्हणून. रॅम जागेवर लावली. एसएसडीही. मधल्या दिवसांचं काम त्यावर उतरवून तपासलं. एक स्क्रू टेबलाखाली गेला, तो गुडघ्यावर बसून शोधला.

माझ्या कंप्युटरमध्ये आता रॅम नाही. पंखे उजळतात, बाकी काही होत नाही.

३० सप्टेंबर, मंगळवार
आज हिची एकोणचाळीस मिनिटं झाली. सहा वर्षांत पहिल्यांदा. कामावरून उठली ती पंचवीस वर्षांची असल्यासारखी. म्हणाली, बघ, नाव मागे घेतलं आणि हात कसा मोकळा झाला. ती जागा मला झेपणारीच नव्हती. नुसत्या ताणाने माझं हे झालं, तर जबाबदारी आल्यावर काय झालं असतं? आपली लायकी वेळेवर कळली, सुटले.

मी म्हणालो, हं.

मग तिचं लक्ष माझ्या कंप्युटरकडे गेलं. चार दिवस बंद का, विचारलं. मी म्हणालो, रॅम नाही. तिने काचेतून आत डोकावलं. म्हणाली, माझ्यात असेल तर माझ्यातली एक काढून घे ना. मला आता कुठे एवढी घाई आहे.

मी नको म्हणालो. तिने पुन्हा विचारलं, तेव्हा म्हणालो, बघू.