गणितासाठी सोडलेला मेंढा

बंगळूर
१२ फेब्रुवारी १९९३

ती. सौ. ताईस,
नागेशचा शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून आधीच कान पकडतो. पण कारण ऐकलंस की रागावणार नाहीस. ताई, माझं गणित बहुतेक सुटलं.

बारामतीला कॉलेजात असताना आम्हाला माळेगावचा कारखाना दाखवायला नेलं होतं, आठवतं? तिथल्या माणसाने भिंगाखाली साखरेचा दाणा दाखवला. रसात कण वाटेल तसे भरकटत असतात, रस आटला की आपोआप रांगा धरून बसतात, आणि दाण्यादाण्याचे कोन तेच. असं होतं हे शेंबडं पोरही सांगेल. पण ते तसंच का व्हावं, हे गणिताने अजून कुणी सिद्ध केलेलं नाही. घरी येऊन आबांना सांगितलं, तर ते म्हणाले होते, बसत्यात तर बसू दे की, तुझं काय जातंय! माझं काय गेलं ते तू बघतेसच. लग्नसुद्धा राहून गेलं.

साखरेपर्यंत अजून पोचलो नाही, एका साध्या नमुन्यापुरतंच जमलंय. सिद्धता लिहून परदेशी पाठवली आहे, तिथले जाणकार ओळ न् ओळ तपासतील. इथल्या संशोधन संस्थेत मला कायम करायचं की नाही, तेही त्यावरच ठरणार. तोवर गावभर करू नका.

आई-आबांना साष्टांग, तुझ्या छकुलीला गोड पापा. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा
नागेश

सणसर
९ मार्च १९९३

चि. नागेश यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

गावभर करू नका म्हणे! तुझं पत्र माहेरी निरवांगीला नेऊन आबांना वाचून दाखवलं. सुटलं हा शब्द ऐकला आणि ते उठलेच. पुढचं तपासणीचं मी ओरडून वाचत होते, तर म्हणाले, पोरानं गणित केलंय, मास्तर बघंल, त्यात काय इस्कटायचंय?

तू बंगळूरला गेलास तेव्हा त्यांनी नवस बोलून बिरोबाच्या नावाने मेंढा मोकळा सोडला होता, तुला ठाऊकच आहे. काम झालं की तो देवाला द्यायचा, तोवर कुणाच्याही रानात चरला तरी त्याला कुणी मारायचं नाही. गावाने त्याचं नावच गणित पाडलं होतं. शेजारच्या रानातले झुंबरतात्या तर म्हणायचे, नागेशचं गणित माझा मका खाऊनच सुटणार.

परवा रविवारी नवस फेडला. ढोल वाजले, भंडारा उधळला, अख्खं गाव जेवलं. आईने पहिलं ताट तुझ्या नावाने वाढून देवापुढे ठेवलं. आबा इतके हसताना मी कधी पाहिले नव्हते. तुझ्या त्या मास्तरांनी आता काय ते लवकर बघावं.

जपून राहा, आणि ताईला विसरू नकोस.

तुझी
मनिषाताई

बंगळूर
२० सप्टेंबर १९९३

ती. सौ. ताईस,
शि. सा. न.

ताई, सिद्धता पडली.

तपासणाऱ्याने एकच प्रश्न विचारला, तोही अगदी नम्रपणे. कागदासारख्या सपाटीवर जे खरं ठरतं, ते साखरेच्या दाण्यासारख्या भरीव वस्तूतही खरं ठरेल असं मी धरून चाललो होतो. ते ठरत नाही, आणि बाकीचं सगळं त्याच पायावर उभं होतं. उन्हाळाभर ठिगळं लावत बसलो, एकही टिकलं नाही. संस्थेने मुदत वाढवून दिली, कायम मात्र केलं नाही.

मी तुझ्यावर रागावलो नाही, आबांवरही नाही. पण जेवून गेलेल्या गावाला आता तोंड कसं दाखवू? आबांना कळवू नकोस असं लिहिणार होतो. पण तुला खोटं बोलवत नाही हे लहानपणापासून ठाऊक आहे. तूच सांग त्यांना, मला जमणार नाही.

एवढी एक कृपा कर.

नागेश

सणसर
१४ नोव्हेंबर १९९३

चि. नागेश यास,
अनेक आशीर्वाद.

आबांना सांगितलं. विडी विझली तरी तशीच ओढत बसले. मग म्हणाले, बिरोबानं आधी घेतलंय, आता त्यानं द्याया पायजे. हेच विचारायला ते देवऋषी सावळारामांकडे गेले. त्यांनी साफ सांगितलं, फेडलेला नवस पुन्यांदा उघडत न्हाय, तुमीच म्हनला काम झालं, देवानं तुमचं ऐकलं. बोलायचाच तर नवा बोला.

मग काय, पहिल्या मेंढ्याच्या आईचंच काळ्या कानाचं कोकरू भंडारा लावून सोडलं. आबा म्हणतात, आता घाई न्हाय, पोरगं सोता येऊन सांगंल तवाच फेडीन.

गावात कुणी तुला हसत नाही. एवढंच की, झुंबरतात्यांनी मक्याला कुंपण घातलं आहे. तू वेळेवर जेवतोस का ते लिही. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

तुझी
ताई

बारामती
१८ जुलै १९९६

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

बंगळूरची मुदत संपली. इथल्या एका कॉलेजात तासांवर शिकवतो. मुलं चांगली आहेत, त्यांना परीक्षेपुरतं हवं असतं आणि मी तेवढंच देतो.

बारामतीला येऊन निरवांगीला पाय लावत नाही म्हणून तू रागावलीस. खरं सांगू? मागच्या दिवाळीला आलो, तेव्हा तो काळ्या कानाचा मेंढा दारातच बसला होता. शिंगं केवढी वळली आहेत त्याची! आबा त्याच्या पाठीवरून हात फिरवत माझ्याकडे बघत राहिले. मी सकाळच्या पहिल्या एसटीने पळालो. ते बघणं मला सोसत नाही.

रोज ते गणित घेऊन बसतो. पूर्वी आशेने बसायचो, आता सवयीने बसतो. बरोबरचे लोक कधीच दुसऱ्या प्रश्नांकडे वळले, नावारूपाला आले. चहात साखर घालतानाही मला आताशा लाज वाटते.

रागाव, पण लिहीत जा.

नागेश

सणसर
३ सप्टेंबर २००३

चि. नागेश यास,
अनेक आशीर्वाद.

काळ्या कानाचा मेंढा गेला. दात पडले होते, चरवत नव्हतं. आई भाकरी कुस्करून भरवायची. आबांनी त्याला लिंबाखाली पुरलं. देवाचा मेंढा देवाला न पोचता असा म्हातारा होऊन मेलेला गावात कुणी पाहिला नव्हता.

आबांनी नवं कोकरू निवडून दाव्याला बांधलं आहे. भंडारा अजून लावलेला नाही. मला म्हणाले, नागेशला इचार, त्यो म्हनंल तर सोडतो. ते थकलेत रे. कोकराची आई पलीकडे मेंढरांच्या वाड्यात सारखी ओरडते आहे. काय ते लवकर कळव.

तुझी
ताई

बारामती
८ सप्टेंबर २००३

ती. सौ. ताईस,
शि. सा. न.

आबांना सांग, सोडू नका.

माझ्याने ते होणार नाही. हे मला बंगळूरलाच कळून चुकलं होतं. पण तो मेंढा जिवंत होता तोवर तसं म्हणायला जीभ उचलत नव्हती. तो चरत होता, म्हणून मीही बसत होतो. आबांना म्हणावं, देवाचं चुकलं नाही, सावळारामांचं नाही, तुमचंही नाही. एवढं मोठं काम माझ्या हातून व्हायचं नव्हतं, इतकंच.

नागेश

सणसर
१५ सप्टेंबर २००३

चि. नागेश यास,
ताईचे आशीर्वाद.

तुझं पत्र निरवांगीला जाऊन वाचलं. या वेळी आबा शेवटच्या ओळीपर्यंत बसून राहिले. पुन्हा वाच म्हणाले, मी पुन्हा वाचलं.

मग उठून त्यांनी भंडारा न लावताच स्वतःच्या हाताने दावं सोडलं. कोकरू धावत जाऊन आईला लुचायला लागलं. आबा पाठमोरे होऊन तिथेच उभे होते. रडत होते, नागू. मी त्यांना रडताना पहिल्यांदाच पाहिलं.

मी निघताना म्हणाले, त्येला लिव्ह, आता घरी ये. दारात कुनी बसलेलं न्हाय.

तुझी
ताई