सासुरवाडीचा अधिकृत वाटाड्या

२ मार्च
रिटायर होऊन, शहरातला फ्लॅट विकून हिच्या माहेरगावी राहायला आलो, त्याला आज महिना झाला. गाव चारशे वर्षांचं. भोवती तट, तटाला तीन दरवाजे, आत नुसत्या गल्ल्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत अठरा मिनिटं. ही बरोबर असली तर पंचावन्न, कारण दर दहा पावलांवर हिला कुणीतरी थांबवतं.
मला कुणी थांबवत नाही. पोस्टमनपासून न्हाव्यापर्यंत सगळे मला 'जावई' म्हणतात. वय वर्षे एकसष्ट. गावात स्वतःची ओळख निर्माण करणे आवश्यक. लागतो कामाला.

५ मार्च, सकाळी ८
खिडकीत दात घासत होतो. खालून सात पर्यटकांनी फोटो काढले. ही म्हणाली, फोटो जुन्या कोरीव चौकटीचे होते. असतील. पण मी बाजूला झालो नाही. चौकट केवढी आहे ते कळायला माणूस लागतो.
निर्णय : यापुढे बनियनवर खिडकीत उभं राहायचं नाही.

७ मार्च
ओळखीचा प्रश्न सुटला. संग्रहालयाच्या बाईंना दर रविवारी पर्यटकांना गाव फिरवून आणणारा माणूस हवा आहे. मी एकतीस वर्षं ट्रान्सपोर्ट कंपनीत रूट-प्लॅनिंग केलं. माझ्या शब्दावर चाळीस ट्रक हलायचे.
बाई जरा घुटमळल्या. म्हणाल्या, खरं तर तुमच्या मिसेसना विचारायचं मनात होतं. मी सांगितलं, तिचे गुडघे दुखतात आणि चार लोकांत बोलायचं म्हटलं की तिला संकोच वाटतो. दोन्ही गोष्टी तंतोतंत खऱ्या नाहीत. पण या वयात हिला उन्हातान्हात कशाला पाठवायचं? काळजीपोटीच बोललो.
हिला फक्त एवढंच सांगितलं की मला बोलावणं आलं आहे.

१० मार्च
अभ्यास सुरू. वाचनालयातून गावाच्या इतिहासाचे तीन खंड आणले. पहिल्याच्या अकराव्या पानापर्यंत पोचलो. एकंदर कल्पना आली.
गावाचा नकाशा लॅमिनेट करून घेतला. टोपी घेतली. मेहुण्याच्या कुलपांच्या दुकानात दोन्ही दाखवून आलो. त्याने नकाशा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "भावोजी, ताईला बरोबर न्या." लहान गावातल्या माणसांना नकाशाची सवय नसते.

१६ मार्च
हिच्यासमोर रंगीत तालीम. ही शेंगा सोलत होती. उत्तरेच्या दरवाजाची हकीकत सांगितली, तर म्हणाली, तो दक्षिणेचा. तटाच्या डागडुजीचं साल सांगितलं, तर म्हणाली, शंभर वर्षं चुकलं. किरकोळ फरक. माझी शैली कशी वाटली ते काही बोलली नाही. भारावली असावी.

२२ मार्च, रविवार, दुपारी ३
वस्तुनिष्ठपणे लिहितो.
चौदा पर्यटक, शिवाय बाई स्वतः. सुरुवात झकास. नंतर उन्हामुळे लॅमिनेशन चकाकू लागलं आणि नकाशात माझ्या टोपीशिवाय काही दिसेना. तरी धीर सोडला नाही. गावात तीन प्राचीन विहिरी आहेत असं सांगून तिन्ही दाखवल्या. एका आजींनी लक्षात आणून दिलं की तिन्ही विहिरींच्या कठड्यावर एकच मांजर बसलं होतं.
मग जवळच्या वाटेने नेलं. वाट संपली ती एका घराच्या परसात, वाळत घातलेल्या चादरींमध्ये. घरधनीण बाहेर आली, म्हणाली, अगबाई, जावई हरवले. आणि तिने हिला फोन केला.
ही चार मिनिटांत आली. हाताला पीठ. शेवटच्या पायऱ्या दोन-दोन करत चढली. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग हिच्या गुडघ्यांकडे.
पुढचा तास ही बोलत होती. कुणाच्या भिंतीत तोफेचा गोळा अजून रुतलेला आहे, कुठल्या दोन घरांनी भांडून गल्ली दीड हात अरुंद केली. चौदा माणसं हसत होती. मधूनच मी दोन मुद्दे मांडले. वाऱ्यामुळे ऐकू गेले नसावेत.

त्याच दिवशी, रात्री ९
ही म्हणाली, "बाईंनी माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. त्यांना कुणी सांगितलं?"
मी म्हणालो, काहीतरी गैरसमज झाला असेल.
हिने पान वाढलं आणि उठून गॅलरीत जाऊन बसली. चौतीस वर्षांत ही मला खोटारडा म्हणाली नाही. आजही म्हणाली नाही. जेवण गेलं नाही. उकाडा फार आहे.

२४ मार्च
बाई घरी आल्या. रविवारचं काम कराल का, असं त्यांनी हिला विचारलं. ही माझ्याकडे न बघता म्हणाली, "यांना विचारा. माझे गुडघे किती चालतात ते यांनाच ठाऊक."
मी मोठ्या मनाने होकार दिला. बाई गेल्यावर हिला सांगितलं की ते खोटं मीच बोललो होतो. ही म्हणाली, "माहीत आहे." म्हणजे सांगितलं नसतं तरी चाललं असतं.

२९ मार्च, रविवार, संध्याकाळी
सव्वीस पर्यटक. माझ्याकडे स्वतंत्र जबाबदारी : सर्वांत मागून चालणे, कुणी मागे राहिल्यास पुढे ढकलणे. रूट-प्लॅनिंगचाच भाग आहे.
पूर्वेच्या तटाशी ही थांबली. गुडघ्याइतक्या उंचीवर दोन चिऱ्यांमधल्या चुन्यात पाच छोटी बोटं उमटलेली. ही म्हणाली, माझे वडील गवंडी होते. हा तट त्यांनी दुरुस्त केला, तेव्हा मी ओल्या चुन्यात हात दाबला. ते ओरडतील म्हणून मी पळाले. त्यांनी तो ठसा बुजवला नाही.
सासरे गवंडी होते हे मला माहीत होतं. बोटांचं माहीत नव्हतं. लग्नानंतर हिचं सांगायचं राहिलं की माझं विचारायचं राहिलं, ते आठवेना. मी हात वर करून विचारलं, वय काय होतं? ही म्हणाली, सहा. आणि जरा हसली. सगळ्यांकडे बघून, पण मी त्यात होतो.
शेजारच्या गृहस्थांनी हळूच विचारलं, या फार छान सांगतात, नाही? तुम्ही पहिल्यांदाच येताय का या गावात?
मी हो म्हणालो.