सगळ्यांची एकच फळी

रविवार, ९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

साष्टांग नको म्हणतेस, म्हणून नुसता नमस्कार. आम्ही दोघं मजेत. गुडघा कसा आहे? दोन महिने मी तुझा फोन उचलला नाही म्हणून तू फणफणत असशील. हे वाचून आणखी चिडशील, तेव्हा आधी बस.

कामात बुडाले होते गं. आम्ही वाचनालयाची वेबसाइट करतोय. पान उघडलं की वरची पट्टी विचारायची, कोण आलंय? राखलेल्या पुस्तकांची यादी विचारायची, कोण आलंय? खालच्या शिफारशीही तेच. पान दिसेपर्यंत माणूस म्हातारा व्हायचा. मागच्या वर्षी मी दवाखान्यातून घरी आले तेव्हा असंच झालं होतं. आधी आत्या, मग काकू, मग शेजारीण. प्रत्येकीला पहिल्यापासून सांगायचं. असो.

मी म्हटलं, दारातच एकदा विचारू आणि उत्तर ठेवून देऊ, पानाचे सगळे भाग तिथूनच घेतील. पान झटक्यात उघडायला लागलं आणि मी हवेत! पण प्रत्येकाचं उत्तर त्याच्या त्याच्या भेटीपुरतं वेगळं ठेवायचं असतं. मी अतिशहाणीनं ते सगळ्यांसाठी मिळून एकाच फळीवर ठेवलं होतं.

मंगळवारी तपासणी होती. मी माझ्या खात्यातून पान उघडलं आणि त्याच क्षणी कासवानं त्याच्या. कासव म्हणजे माझ्या शेजारी बसणारे पन्नाशीचे गृहस्थ, प्रत्येक ओळ तीनदा वाचतात. त्यांचं पान भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर होतं. वर त्यांच्याऐवजी माझं नाव, आणि खाली मी राखून ठेवलेली पुस्तकं. तिन्ही गरोदरपणावरची.

कासवानं तेही तीनदा वाचलं आणि गंभीरपणे म्हणाले, "हे माझं नसावं. तरी घरी विचारून सांगतो."

मग जो हशा पिकला! मी हसता हसता रडायलाच लागले. आमच्या वरिष्ठ बाईसाहेबांनी स्वतःची खुर्ची मला दिली. वेबसाइट लोकांसाठी अजून उघडली नव्हती, हे नशीब. दुपारपर्यंत चूक काढून टाकली.

हो ताई. पाचवा लागलाय. मागच्या वेळी आनंदानं गावभर सांगितलं, आणि मग राहिलं नाही, हेही एकेकाला सांगत बसले. पुन्हा ते जमलं नसतं. तुझा आवाज ऐकला असता तर तोंडातून निघालंच असतं, म्हणून फोन टाळला. सगळ्यात आधी तुला सांगायचं, हा आपला लहानपणापासूनचा करार, आणि कळलं आधी कासवाला! फार वाईट वाटलं गं.

भीती अजून आहे. पण डॉक्टरीणबाई खूश आहेत, आणि लाथा तर अशा बसतात की तुझीच आठवण येते. आत्या, काकू, सगळ्यांना आता तूच एकदा सांग. कोणी मला विचारायचं नाही, ताईला विचारायचं.

आणि रागवायचं असेल तर इथे येऊन रागव. लिफ्ट आहे, गुडघ्याची सबब चालणार नाही.

वाट पाहतोय,
आम्ही तिघं