आत्याने राखून ठेवलेलं नाव

॥ श्री ॥

स्टेट कॉलेज,
अमेरिका,
९ फेब्रुवारी २००३

ती. सौ. ताईस,
अवधूतचा सा. न. वि. वि.

फोनवर नीट बोलून होत नाही, तेवढ्यात कॉलिंग कार्ड संपतं, म्हणून लिहितोय. तू आत्या झालीस हे कळलंच आहे. पण ताई, बाळ दिवस भरायच्या तीन महिन्यांहूनही आधी आलंय. वजन साडेसातशे ग्रॅम. काचेच्या पेटीत ठेवलंय, नाकातोंडात नळ्या आहेत.

हॉस्पिटल इथून दीड तासावर. हिमानी तिथेच जवळ खोली घेऊन राहते, मी लॅब सांभाळून एक दिवसाआड ड्राइव्ह करतो. पोहोचून करायचं काय, तर उभं राहायचं. पेटीत हात घालून एक बोट टेकवायला देतात; कुरवाळायचं नाही, कातडी फार नाजूक आहे म्हणतात.

फॉर्मवर नाव विचारत होते. मी सांगितलं, आमच्यात नाव आत्या ठेवते. त्यामुळे ती जागा कोरी आहे आणि पेटीवर नुसतं ‘बेबी गर्ल’ लिहिलंय. तू ठरवलेलं नाव पत्राने कळव, लगेच लिहून टाकतो.

आमच्यावर तुझी माया आहेच, आता हिलाही त्यात घे.

तुझा,
अवधूत

॥ श्री ॥

नागपूर,
२१ फेब्रुवारी २००३

चि. अवधूत यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी रडले, मग तुझ्यावर चिडले. नाव काय पत्राने कळवायचं असतं का रे? तो काय रोल नंबर आहे? नाव आत्याने बाळाच्या कानात सांगायचं, त्याआधी कुणाला कळू द्यायचं नाही. तुझ्या भाऊजींनासुद्धा सांगितलेलं नाही. बिचारे रोज जेवताना एक अंदाज करतात आणि चुकतात.

४ मार्चला मुंबईला व्हिसाची मुलाखत आहे. मिळाला की निघालेच. तोवर त्या लोकांना थांबायला सांग.

मला मूल नाही, हे तुला वेगळं सांगायला नको. हा एक मान मला हक्काने मिळतोय, तो टपालात घालवू नकोस. हिमानीला म्हणावं, डिंकाचे लाडू आणतेय. आणि पोरीला म्हणावं, आत्या येईपर्यंत दम धर.

भांडले तरी जीव तुमच्यातच आहे, हे विसरू नकोस.

तुझी,
ताई

॥ श्री ॥

स्टेट कॉलेज,
५ मार्च २००३

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

काल फोनवर कळलं, व्हिसा नाकारला. फार वाईट वाटलं. पण तरीही तू नाव सांगितलं नाहीस. पुन्हा अर्ज करते म्हणालीस.

आता एक सांगतो, रागावू नकोस. इथे दिवसपाळीला लोरेन नावाची नर्स आहे, साठीची. बिननावाच्या मुलीशी बोलायचं कसं, म्हणून ती हिला मटिल्डा म्हणते. तिच्या आजीचं नाव. रोज पेटीच्या खिडकीतून वाकून कानाशी हाक मारते. हिमानी म्हणते, त्या हाकेला ही डोळे उघडते. काल माझं बोटही पकडलं. पकड कसली, पण सोडेना.

मी लायब्ररीत जाऊन ते नाव शोधलं. दुसरं काही करता येत नाही, निदान हे तरी. हजार वर्षांहून जुनं जर्मन घराण्यातलं नाव आहे. पुढे नॉर्मन लोकांनी ते इंग्लंडला नेलं, तिथे राण्यांनी लावलं. त्याचे दोन तुकडे: पहिल्याचा अर्थ बळ, दुसऱ्याचा लढाई. लढाईत जोर असलेली! आणि आमची ही, एका तळहातात मावणारी. तिथेच पुस्तकावर डोकं टेकून रडलो गं.

फॉर्म अजून कोराच ठेवलाय, फक्त तुझ्यासाठी. डॉक्टर म्हणतात, इन्फेक्शन आहे, वाट बघू. ताई, फोन कर आणि सांगून टाक ना नाव. मी तुझ्या वतीने तिच्या कानात सांगतो.

तुझ्या मायेच्या भरवशावर,
अवधूत

नागपूर,
२० मार्च २००३

चि. अवधूत व चि. सौ. हिमानी यांस,
आशीर्वाद.

तुझं ५ तारखेचं पत्र आज आलं. पोर जाऊन नऊ दिवस झाले, आणि पत्रात ती अजून तुझं बोट सोडत नाहीये. मला पुढे वाचवेना. तुझ्या भाऊजींनी वाचून दाखवलं.

ती गेली त्याच्या आदल्या दिवशीही तू फोनवर विचारलं होतंस. मी म्हटलं, उच्चारून टाकलं तर माझ्याकडे काय उरलं? हे मी बोलले, अवधूत. पेटीतलं लेकरू श्वासासाठी झगडत होतं आणि इथे मी माझा मान धरून बसले होते. तुम्ही दोघांनी मला एका शब्दाने दुखावलं नाहीत. दुखावलं असतं तर बरं झालं असतं.

आता मृत्यूच्या सर्टिफिकेटवर लिहायला तू फोनवर ते नाव मागतोयस. नाही देणार. हट्ट म्हणून नाही रे. ते तिने कधी ऐकलंच नाही. ज्या हाकेला तिने डोळे उघडले, ते तिचं नाव. मटिल्डा लिही. कानात नाव सांगितलं लोरेनबाईंनी, तेव्हा आत्या त्याच. त्यांना माझा नमस्कार सांग.

हिमानीला जप. तिला वेळेवर खायला घाल, एकटीला ठेवू नकोस. माझ्यावर जमेल तेवढाच लोभ ठेवा, जास्त मागायला तोंड नाही.

सकाळपासून बसून ‘मटिल्डा’ म्हणून पाहतेय. जमतं आता. पण हाक कुणाला मारू?

तुझी,
ताई